डिस्क आधी कानाने तपासा

गाण्यांनी भरलेल्या विनोदी सिनेमाची डिस्क लावली की आपली नजर आधी चित्राकडे जाते. माझं म्हणणं, तपासणी कानापासून सुरू करावी. बेळगावकरांना ते अवघड नाही. कुमार गंधर्व १९२४ साली जिथे जन्मले ते सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, आणि भजनामुळे पेटी तर खानापूर-निपाणीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची. तीच पेटी इथे उपयोगी पडते.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी टिपला जातो. आपल्याकडचा जुना टीव्ही ५० हर्ट्झ विजेच्या हिशेबाने घडलेला, त्याला २५ लागतात. म्हणून पाल, म्हणजे याच २५ चित्रांच्या टीव्ही पद्धतीच्या कित्येक डिस्कवर अख्खा सिनेमाच चार टक्के जोरात पळवलेला असतो. अडीच तासांचा खेळ १४४ मिनिटांत आटपतो. डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण सूर चढतो. समजा, गायिकेचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकला, सुमारे २७७ हर्ट्झला आहे. डिस्कवर तो २८९ होतो. पेटीची पांढरी दोन २९४ ची. म्हणजे सूर धड इकडचा ना तिकडचा. पांढरी दोन दाबून ठेवली, तर दोन सुरांच्या टकरीतून सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात. जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच पेटीशी तंतोतंत जुळतील असं नाही, तेव्हा त्याच गाण्याची ऑडिओ सीडी शेजारी लावून ताडून पाहावं. काही कंपन्या सूर संगणकावर खाली आणतात, पण लय पळतीच राहते. ब्लू-रेवर २४ चित्रं जशीच्या तशी ठेवता येतात, त्यामुळे तिथे ही भानगड सहसा नसते.

विनोदाचा जीव वेळेत असतो. आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकतो, मागे पडला तर मात्र सव्वाशेपर्यंत चालून जातो. याचं कारण निसर्गात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. गणेशोत्सवातलं नाटक ३४ मीटर मागून पाहणाऱ्याला संवाद दशांश सेकंद उशिरानेच पोचतो. उशिराची मेंदूला सवय आहे, आधी येणारा आवाज त्याने कधी अनुभवलेलाच नाही. पार्श्वगायनात नटाचेच ओठ चुकलेले असू शकतात, म्हणून एका गाण्यावरून निकाल देऊ नये. थपडा, टाळ्या, आपटलेली दारं पाहावीत. सगळीकडे सारखाच फरक असेल तर दोष डिस्कचा किंवा टीव्हीच्या जोडणीचा.

चित्रासाठी नायिकेच्या अंगावरची बारीक चौकडीची इरकल बघा. व्हीसीडीत ३५२ गुणिले २८८ ठिपके, डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०. ठिपके कमी पडले की चौकड्या वळवळतात. त्यात रंगाचा तपशील उजेडाच्या चौथाईच साठवलेला असतो, म्हणून लाल काठ शेजारच्या रंगात उतरतो. समूहनृत्यात सगळंच हलतं, तिथे जागा वाचवण्यासाठी केलेली काटछाट चौकोनी तुकड्यांतून उघडी पडते.

फिल्मवरचे दाणे हा मात्र दोष नव्हे, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसायला गेलं की दाढीचे खुंट, साडीचा पोत, हसताना डोळ्यांपाशी पडणाऱ्या सुरकुत्याही पुसल्या जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो. विनोदी नटाचं निम्मं काम त्या सुरकुत्यांत असतं. अशी चकचकीत प्रत आणि दाणेदार प्रत समोर ठेवल्या, तर मी दाणेदारच घेईन.