बातमीखाली नाव कोणाचं? सोलापुरातल्या डिजिटल माध्यमांची पार्श्वभूमी

छापील दैनिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला एक बारीक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. आणि पुढे पुस्ती, ‘मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’. ती कोणी वाचत नाही. पण १८६७ च्या कायद्यानं नावाची ती ओळ सक्तीची केली होती, कारण सरकारला हात घालायला एक नाव हवं होतं. पुढे त्याच ओळीचा उपयोग सामान्य माणसालाही झाला. खोटं छापलं तर कोणाच्या दारात जायचं हे ठरलेलं होतं.

सोलापूरला या जबाबदारीची जुनी ओळख आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी एक वृत्तपत्राचा संपादक होता. त्यानंतरची गिरण्यांची, संपांची, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू वाचकांची दशकं इथे ओलांडून जातो, कारण आजचा गुंता त्यांतून आलेला नाही. तो २०१६ पासूनचा आहे.

त्या एका वर्षात बरंच काही एकदम आलं. जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव लागलं, एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, सप्टेंबरमध्ये स्वस्त फोर-जी आलं आणि नोव्हेंबरमध्ये नोटबंदी. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या हातात व्हिडिओ चालणारा फोन आला, तो या ओघात. चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांनी डिझाइनचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ऑनलाइन दुकानात त्याच नावानं भलत्याच गावचा माल खपतो आणि तो कोणी विणला हे गिऱ्हाइकाला कळत नाही. बातमीचंही तेच झालं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. मेलेले भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण येऊ लागली. खूण आली, पण मेसेज पहिल्यांदा कोणी लिहिला हे तिच्यावरून कळत नाही.

मग २०२०, कोरोनाचं वर्ष. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदी केली. काही दिवसांत मुंबई-पुण्याचा भाग वगळून ती मागे घेतली. तेवढ्यात सवय मोडायची ती मोडलीच. पेपरची पीडीएफ ग्रुपवर फुकट येऊ लागली आणि गल्लीगल्लीत बूम माइक घेतलेला यूट्यूब प्रतिनिधी दिसू लागला. त्यातल्या काहींनी कंटेनमेंट झोन आणि रिकाम्या बेडची माहिती दैनिकांच्या आधी दिली, हे मान्य करायला हवं. काहींनी दुकानदाराकडे कॅमेरा वळवून जाहिरात मागितली, हेही.

खरा वाद २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांचा. केंद्रानं २५ फेब्रुवारीला ते काढले आणि डिजिटल बातम्या पहिल्यांदा त्यांच्या कक्षेत आल्या. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, आचारसंहिता पाळा आणि तक्रारींसाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था ठेवा. दुसरी, आपली माहिती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवा. पहिलीला मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगिती दिली. दुसरी स्थगितीबाहेर राहिली. म्हणजे तक्रारीची वाट अडली आणि फॉर्म तेवढा उरला. माहिती कळवणं म्हणजे नोंदणी नव्हे, परवाना तर मुळीच नव्हे. तरीही त्या पोचपावतीचं ओळखपत्र झालं, ओळखपत्रावर ‘केंद्र सरकार मान्य’ आलं आणि दुचाकीवर ‘प्रेस’. दैनिकवाले म्हणतात, आम्ही टायटल (पेपरच्या नावाची मंजुरी) आणि डिक्लेरेशन (प्रकाशकाचं घोषणापत्र) यांसाठी खेटे घातले, हे कालचे आमच्या रांगेत कसे? न्यूज पोर्टलवाले विचारतात, नोंदणीची सोयच ठेवली नाही तर आम्ही करायची कुठे? दुसरं म्हणणं मला अधिक पटतं. १८६७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या कायद्याच्या २०१९ च्या मसुद्यात डिजिटल बातम्यांची नोंदणी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर होऊन १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात ती नाही. नोंदणी आली की लगामही येतो ही भीती खोटी नव्हती. पण ती टळली तेव्हा तळाची ओळही टळली.

इकडे पालिकेत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात नगरसेवकाचं दार बंद झालं, तेव्हा लोकांनी प्रभागाचे ग्रुप धरले. पाणी कुठे सुटलं, प्रेशर किती, वेळ का बदलली, सगळं तिथेच. फुटलेल्या व्हॉल्व्हचा व्हिडिओ सकाळी ग्रुपवर, दुपारी पोर्टलवर, दुसऱ्या दिवशी दैनिकात. व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव या तिन्ही ठिकाणी बहुधा नसतंच.

पैशाची गोष्ट राहिली. वाढदिवसाच्या शुभेच्छा चौकातल्या फ्लेक्सवर आणि स्टेटसवर गेल्या (इथे ‘डिजिटल लावलं’ म्हणजे अजूनही फ्लेक्सच), निधनवार्ता ग्रुपवर गेल्या, निविदा ई-टेंडरच्या संकेतस्थळावर. लहान दैनिकांकडे उरल्या त्या मुख्यतः जाहीर नोटिसा. प्लॉट घेताना ‘कोणाची हरकत असल्यास’ म्हणून दिलेल्या नोटिशीचं छापील कात्रण वकील आजही फाइलला लावतात, पोर्टलच्या लिंकवर त्यांचं भागत नाही.