गेममध्ये नसलेला वास

४ जुलै २००२ ला अमेरिकन आर्मीने स्वतःचाच एक शूटिंग गेम फुकट वाटायला काढला, 'अमेरिकाज आर्मी'. पोरांनी खेळावं आणि भरतीकडे वळावं हा हेतू उघडच होता. पण बनवला नीट होता, म्हणजे मेडिक व्हायचं असेल तर आधी गेममधल्या वर्गात बसून प्रथमोपचाराचं लेक्चर ऐकायचं, परीक्षा द्यायची, पास झालात तरच तो रोल. २०२२ ला बंद झाला.

अशा गेमने माणूस काही शिकतो का? शिकतो, पण काय ते बघा. २००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलियर या संशोधकांनी असे गेम न खेळणाऱ्यांना रोज एक तास, दहा दिवस 'मेडल ऑफ ऑनर' हा युद्धाचा गेम खेळायला दिला, दुसऱ्या गटाला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम. युद्धवाल्यांची नजर जास्त सुधारली, एका झटक्यात जास्त गोष्टी टिपायला लागले. नजर तयार होते हो, पण पाठीवरचं ओझं, ऊन, शेजारी कोसळलेला दोस्त, याची तयारी कुठून होणार? गेममध्ये मेलात तर पुढच्या राउंडला परत उभे.

हा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला तो उपचारात. इराकहून परतलेल्या कितीतरी सैनिकांना पीटीएसडी हा जबर धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार झाला, म्हणजे घरी सोफ्यावर बसलेत पण मेंदूला वाटतंय अजून बगदादच्या रस्त्यावरच आहोत. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात स्किप रिझो यांच्या टीमने 'व्हर्च्युअल इराक' बनवलं, म्हणजे उपचारासाठी हेडसेट घालून शिरायचं आभासी इराक, तेही 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' या गेमच्या मालमसाल्यातून. आणि गेमने जे गाळलं होतं तेच इथे परत घालावं लागलं! खुर्चीखाली थरथरणारा प्लॅटफॉर्म, आणि वास सोडणारं मशीन: डिझेल, जळकं रबर, बारूद, घाम. वास का, तर नाकातून निघालेला संदेश भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो, बाकी इंद्रियांसारखा वळसा घेत नाही.

डोळ्यांवर हेडसेट, सैनिक हमवी गाडीत बसलाय, आपला तो दिवस तोंडाने सांगतोय. थेरपिस्ट हळूहळू वाढवतो, आधी नुसता रस्ता, मग इंजिन, मग धूर, आणि मधेमधे विचारतो, "आत्ता भीती किती, शंभरपैकी?" तीच गोष्ट पुन्हा, पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि उपचार लागू पडत असेल तर तो आकडा खाली यायला लागतो.