मुलांची गोष्ट कशी तपासायची? सोलापूरच्या वर्गांमागची पार्श्वभूमी

मुलाने लिहिलेली गोष्ट तपासायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर आपल्या प्राथमिक शाळांनी बराच काळ लाल पेनानेच दिलं. दिलेल्या मुद्द्यांवरून कथालेखन, वर शीर्षक, खाली तात्पर्य आणि मधे ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा. गोष्ट जमली का, हे विचारायचं राहूनच जायचं.

सोलापुरात हे जास्त बोचतं. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरातल्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू; यातली बरीच मुलं मराठी शाळेत येतात. एखादी मुलगी गड्ड्याच्या यात्रेची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, गोष्ट लिहिते. गर्दीत भाऊ हरवतो, सापडतो आणि आजी त्याला विचारते, "काय करूलालास बे?" गोष्टीतलं सगळ्यात जिवंत वाक्य हेच असतं आणि अशुद्ध म्हणून गोल पडतो तोही त्यालाच.

तपासणाऱ्याच्या नजरेनुसार गुण बदलतात, हे 1961 मध्ये अमेरिकेत आकड्यांनिशी दिसलं. पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे 300 निबंध 53 वाचकांना दिले आणि नऊ श्रेणींत लावायला सांगितले. एकाही निबंधाला पाचांपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. 101 निबंधांना तर नऊच्या नऊ मिळाल्या. कोणी विचार पाहत होतं, कोणी मांडणी, कोणी फक्त चुका. यातूनच पुढे हे पैलू वेगळे काढून प्रत्येकाला स्वतंत्र गुण देण्याची पद्धत रुजली आणि 1980च्या दशकात ती तिथल्या शाळांत पसरली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डीनो यांच्या गटाने दुसरी वाट धरली: गोष्टीची सुरुवात द्यायची, मुलांना तीन मिनिटं लिहू द्यायचं आणि शब्द, बरोबर शब्द, बरोबर जुळलेल्या शब्दजोड्या मोजायच्या. प्रगती लवकर कळते. पण इंग्रजीत जे अनेक शब्दांत सांगावं लागतं, ते 'घरासमोरच्या' हा आपल्याकडे एकच शब्द, म्हणून तिथले आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

महाराष्ट्रात वळण आलं ते शिक्षण हक्क कायद्याने. कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनावर (शिकता शिकता वर्षभर होणारं), 30 टक्के संकलितवर (सत्राअखेरीचं). वरच्या वर्गांत आकारिकचा वाटा कमी होत जातो. सोबत वर्णनात्मक नोंदी. मुलाच्या गोष्टीविषयी शिक्षकाने शब्दांत काही लिहावं, यासाठी अधिकृत जागा मिळाली. दुर्दैवाने तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि 'स्वतःच्या शब्दांत लिहितो' हे वाक्य कितीतरी मुलांच्या नावापुढे उतरलं.

शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्याने 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यामुळे उत्तरसूचीचं, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे या यादीचं, वजन वाढणार. म्हणूनच घटनाक्रम, पात्रं, संवाद आणि शुद्धलेखन यांना वेगवेगळे गुण हवेत. संवादात आजी घरच्या बोलीत बोलली, तर तो गुण शुद्धलेखनाच्या रकान्यातून कापू नये. संवादाच्या रकान्यात द्यावा.