'कापलंय, लावायला काहीतरी द्या'

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. 'काहीतरी' म्हणजे कापूस, गॉज, चिकटपट्टी, मलम, पावडर यांपैकी काहीही. त्यातलं नेमकं काय द्यायचं, हे बहुतेक वेळा काउंटरपलीकडचा माणूसच ठरवतो. त्याच्या मागच्या फळीवर जे मांडलेलं असतं ते एका काळातलं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातले समजही एका काळातले नाहीत.

सगळ्यात जुना थर घरातला. बोट कापलं की हळद दाबायची, शेतात कोयता लागला की दगडीपाला चोळून त्याचा रस पिळायचा. सुश्रुतसंहितेत तर व्रणावरचे ६० उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितले आहेत, त्यात धुण्यापासून बांधण्यापर्यंत सगळं येतं. १९९५ साली हळदीच्या याच वापरावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. त्याला आव्हान दिलं सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने. तेव्हा तिचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पेटंट गेलं ते हा वापर नवा नव्हता म्हणून. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक असते, असा निकाल तिथे कुणी दिला नव्हता. अभिमानाच्या भरात आपण ही गोष्ट सहसा विसरतो.

दुसरा थर बाटल्यांचा. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा चिघळण्यापासून वाचवल्याचं १८६७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि 'जंतू मारायचे' हा विचार रुळला. टिंक्चर आयोडीन झोंबायचं, इतकं की झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं असा समजच झाला. मग आलं न झोंबणारं लाल औषध, मर्क्युरोक्रोम. शाळेतल्या प्रथमोपचार पेटीत ते हमखास असायचं आणि गुडघ्यावरचा लाल डाग मुलं मिरवायची. त्यात पारा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये 'सर्वमान्य सुरक्षित' हा त्याचा दर्जा काढून घेतला. आता ती जागा तपकिरी पोव्हिडोन आयोडीनने घेतली आहे. तेही काही नवं नाही, १९५५ चं आहे.

चिकटपट्टीची कथा त्याहून घरगुती. १९२० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनमधल्या अर्ल डिक्सन यांनी, स्वयंपाक करताना वारंवार कापून घेणाऱ्या बायकोसाठी चिकट पट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले. त्यातून बँड-एड निघाली.

खरी उलथापालथ झाली ती १९६२ मध्ये, आणि तिचा गाजावाजा कमीच झाला. 'जखम उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरेल' हे आजीचं आणि तेव्हाच्या डॉक्टरांचंही मत. संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांपैकी काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जवळपास दुप्पट वेगाने त्वचेने भरल्या. कडेच्या पेशी ओलसर पृष्ठभागावरून सरकत मध्याकडे येतात. खपली धरली, तर त्यांना त्या कोरड्या थराखालून वाट काढावी लागते. जखमेवर ओलावा टिकवणारी हायड्रोकोलॉइड आणि हायड्रोजेलची आजची ड्रेसिंग्ज याच विचारातून आली. (ओलसर म्हणजे भिजलेली नव्हे, आणि पू झालेली जखम घरच्या घरी घट्ट झाकून ठेवणं तर नव्हेच.) तरीही सहा दशकांनंतर आपल्याकडे 'सुकवायची पावडर द्या' ही मागणी तशीच आहे.

हे सगळं समजावून सांगायचं कुणी? आपल्या कायद्यात 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची औषधं' असा वेगळा वर्गच आखलेला नाही. १९४५ च्या औषध नियमांतल्या परिशिष्ट 'के'मध्ये घरगुती औषधांची यादी आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावात ती परवान्याशिवाय विकता येतात. कापूस, बँडेज, गॉज, चिकटपट्टी, भाजल्यावरची मलमं, टिंक्चर आयोडीन, झालंच तर मर्क्युरोक्रोमही त्यात आलं. शिवाय चिठ्ठीची सक्ती असलेल्या परिशिष्ट 'एच'मधून बाहेरून लावायच्या औषधांना बरीच सूट होती. त्यामुळे प्रतिजैविकाचं मलम सहज हातात पडू लागलं. स्टेरॉइडच्या मलमांची सूट २०१८ मध्ये काढून घेतली गेली.

फार्मसीचा कायदा १९४८ चा. रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून स्पष्ट लिहिलं गेलं ते २०१५ च्या नियमावलीत. म्हणजे विचारणाऱ्याला उलट विचारायचं: कशाने कापलं, केव्हा, किती खोल, मधुमेह आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत? कुत्रा चावला असेल आणि वर हळद-तिखट भरून कुणी आलं असेल, तर फळीवरचं काहीच काढायचं नाही. आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायला सांगायचं आणि तसंच दवाखान्यात धाडायचं, रेबीजच्या लशीसाठी.