मेसेजच्या माथ्यावरचं नाव

बँकेचे मेसेज फोनमध्ये एकाखाली एक लागलेले असतात. महिन्यापूर्वीचा ओटीपी, गेल्या आठवड्यात पैसे जमा झाल्याची सूचना आणि सगळ्यात खाली, ‘तुमचे खाते आज रात्री बंद होईल, त्वरित खालील लिंकवर माहिती भरा.’ वरचे सगळे खरे, शेवटचा तेवढा भामट्याचा. मग तो त्याच रांगेत घुसला कसा? त्यासाठी ना बँकेची यंत्रणा फोडावी लागते, ना तुमचा फोन. फोन फक्त पाठवणाऱ्याचं नाव बघतो आणि एका नावाचे मेसेज एकत्र लावतो. नाव खरं की खोटं, हे तपासायचं काम त्याला कुणी दिलेलंच नाही.

याचं मूळ एसएमएसच्या जन्मात आहे. त्याची आखणी 1980च्या दशकातली, पहिला मेसेज गेला 3 डिसेंबर 1992 रोजी. एका मेसेजच्या मजकुराला जागा 140 बाइटची. रोमन लिपीत तिथे 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. पाठवणाऱ्याच्या रकान्यात नंबरऐवजी 11 अक्षरांपर्यंतचं नाव टाकायची सोय आहे, पण ते नाव त्याचंच आहे याची खूण पटवणारी सोय मात्र नाही. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणीही काहीही लिहावं, तसंच हे. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या टेलिफोन कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर भरवसा होता. काही देशांत आता नावांची नोंदणी सक्तीची आहे, त्याने बराच आळा बसतो.

पण एक वाट मोबाइल कंपनीला वळसा घालूनच जाते. टूजी या मोबाइलच्या जुन्या तंत्रात नेटवर्क फोनची ओळख तपासतं, फोन मात्र नेटवर्कची ओळख विचारत नाही. गाडीच्या डिकीत मावेल एवढा बनावट टॉवर घेऊन भामटे गर्दीतून फिरतात, आसपासच्या फोनना टूजीवर ओढतात आणि हव्या त्या नावाने मेसेज सोडतात. कंपनीचे स्पॅम-फिल्टर बाजूलाच राहतात. अँड्रॉइड 12पासून अनेक फोनमध्ये टूजी बंद करायची सोय आली आहे. जिथे फक्त टूजीचीच रेंज मिळते तिथे ती उपयोगाची नाही, बाकीच्यांनी सेटिंग्जमध्ये जरूर शोधावी.

अशुद्ध भाषेवरून खोटा मेसेज ओळखा, हा सल्ला आता जुना झाला. एआयकडून कुणीही निर्दोष मजकूर लिहून घेऊ शकतो. आणि गबाळा मेसेज हा नेहमी अडाणीपणाच असतो असंही नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये भामट्यांच्या ईमेलबद्दल एक मार्मिक मुद्दा मांडला. थाप इतकी उघड असते की शहाणी माणसं पहिल्याच ओळीला गळून जातात आणि पुढची मेहनत फक्त भोळ्या गिऱ्हाइकांवर करावी लागते. म्हणजे चाळणी त्यांची, चाळले जातो आपण! अनोळखी नंबरवरून येणारा नुसता ‘हाय, ओळखलंस का?’ हाही त्याच जातीचा. उत्तर दिलं की नंबर चालू आहे आणि माणूस बोलका आहे, हे दोन्ही कळतं.

लिंक वाचायची एक युक्ती मात्र अजून टिकून आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधायची आणि तिथून मागे वाचत यायचं. ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट टॉप’ असा पत्ता असेल तर मालक ‘खातेतपासणी डॉट टॉप’. पुढे लावलेलं बँकेचं नाव निव्वळ सजावट. अर्थात रशियन लिपीतला ‘а’ रोमन ‘a’सारखाच दिसतो आणि आखूड केलेल्या लिंकमध्ये तर काहीच दिसत नाही, तेव्हा डोळ्यांवर फार विसंबू नये.

ओटीपीचं तर आणखीच गमतीशीर. तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकता, त्याच क्षणी भामटा तो बँकेच्या खऱ्या साइटवर टाकतो. बँक तुम्हाला ओटीपी पाठवते, अगदी खराखुरा. तो येताच तुमचा विश्वास बसतो आणि तोही तुम्ही त्याच पानावर भरता. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली, इथे फसत नाही, कारण ती मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही. पासवर्ड साठवून ठेवणारा पासवर्ड मॅनेजरही नकली पानावर पासवर्ड आपणहून भरत नाही. रोज भरणारा आज गप्प बसला, की पाणी कुठेतरी मुरतंय.

माझ्या मते मेसेज खरा की खोटा याचा निवाडा करत बसूच नये. खात्याचं काम असेल तर फोनमधलं बँकेचं अॅप उघडावं किंवा कार्डामागचा नंबर फिरवावा. खरी अडचण असेल तर ती तिथेही दिसेल. आणि माहिती भरून झालीच असेल, तर आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खात्याचे व्यवहार थांबवायचे, मग पासवर्ड बदलायचा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. मेसेज मात्र डिलीट करू नका, तक्रार करताना तो लागतो.