मायनस ८० हा आकडा आला कुठून: बायोलॉजिकल सॅम्पल थंड ठेवण्यामागची पार्श्वभूमी

फ्रीझर मायनस ८० डिग्री सेल्सियसला चालवायचा की मायनस ७० ला, यावरून सध्या बऱ्याच लॅबमध्ये आणि बायोबँकांमध्ये (रक्त, पेशी वगैरे सॅम्पल वर्षानुवर्षं जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये) वाद चालू आहे. सुरुवात झाली ती वीज आणि कार्बनच्या हिशोबातून, पण आता दोन्हीकडचे लोक "सायन्स असंच सांगतं" म्हणून हमरीतुमरीवर येतात. मागे जाऊन बघितलं तर मात्र वेगळंच दिसतं. या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक आकडा त्या त्या वेळी जे साधन हाताशी होतं त्याच्यावरून ठरला, प्रोटोकॉलमध्ये लिहिला गेला, आणि लिहिला गेला म्हणून टिकला.

पाणी गोठलं की बर्फाचे क्रिस्टल पेशीला इजा करतात, म्हणून ती इजा कमी करणारं द्रव्य, म्हणजे क्रायोप्रोटेक्टंट, आधी मिसळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजेल.

जुना भाग पटकन सांगते. १८८३ मध्ये पोलंडमधल्या क्राकोत हवेतला नायट्रोजन द्रवरूपात आला, १८९० च्या दशकात दुहेरी भिंतीची व्हॅक्यूमवाली बाटली आली, १९२० च्या दशकात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बाजारात विकत मिळायला लागला. म्हणजे थंडी साठवायची साधनं तयार होती, पण गोठवलेल्या पेशी जिवंत परत मिळवायची खात्रीची रीत कोणाकडेच नव्हती.

ती १९४९ ला मिळाली. लंडनमधल्या एका संशोधन संस्थेत कोंबड्याचे स्पर्म साखरेच्या सोल्युशनमध्ये गोठवायचे प्रयोग चालले होते आणि काही केल्या जमत नव्हतं. मग एका बाटलीतल्या सोल्युशनने अचानक रिझल्ट दिला, बाटली तपासली तर त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन होतं, लेबलांचा घोळ झाला होता. हा किस्सा सगळीकडे सांगतात, पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या लोकांनी चालून आलेला रिझल्ट नुसता लिहून काढला नाही, उरलेल्या थोड्याशा सोल्युशनचं केमिकल ॲनालिसिस करून घेतलं. ते केलं नसतं तर ग्लिसरॉल सापडायला अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे.

हे सगळं गोठवलं जात होतं मायनस ७९ ला. का? कारण ड्राय आइस तेवढा थंड असतो, बास. दुसरं काही कारण नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत बैलाचं सिमेन, लाल रक्तपेशी, आणि १९५३ मध्ये माणसाचे गोठवलेले स्पर्म वापरून झालेल्या पहिल्या गर्भधारणा, हे सगळं एकामागून एक आलं. मग लक्षात आलं की मायनस ७९ ला ठेवलेल्या सिमेनची ताकद महिन्यामहिन्याने कमी होत जाते. त्या तापमानाला पाणी सगळं गोठलेलं दिसतं पण रेणूंची हालचाल पूर्ण थांबलेली नसते, छोटे क्रिस्टल विरघळून मोठ्यांना चिकटत राहतात, केमिस्ट्रीसुद्धा हळूहळू चालूच असते. साधारण मायनस १३५ च्या खाली गेलं की पाण्याची काच होते, म्हणजे क्रिस्टल नसलेला काचेसारखा घट्ट पदार्थ होतो, आणि तिथे खऱ्या अर्थाने सगळं थांबतं.

पण मायनस १३५ ला उकळणारं स्वस्त काही उपलब्ध नव्हतं. उपलब्ध होता द्रव नायट्रोजन, जो ऑक्सिजन बनवणाऱ्या प्लँटमधून जोडीला निघतोच आणि मायनस १९६ ला उकळतो. गुरांच्या कृत्रिम रेतनाचा धंदा तिकडे वळला, शेतावर नेता येतील असे कंटेनर बनले, आणि मायनस १९६ हा आकडा कायमचा रूढ झाला. पेशीला त्याची गरज म्हणून नाही, नायट्रोजनचा उत्कलनबिंदू म्हणून.

१९५९ ला डीएमएसओ हा दुसरा क्रायोप्रोटेक्टंट आला, तो पेशीत पटकन शिरतो म्हणून आजही बहुतेक सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) त्यातच गोठवतात. १९६३ आणि १९७२ च्या कामातून कूलिंग रेटचं गणित उलगडलं: फार हळू थंड केलं तर पेशी सुकून आणि भोवतीचं मीठ दाट होऊन मरते, फार जोरात केलं तर आतच बर्फ होतो, आणि मधला योग्य रेट प्रत्येक पेशीचा वेगळा. "मिनिटाला १ डिग्री" हे जे आपण डोळे मिटून पाळतो ते बऱ्याच पेशींना चालतं, सगळ्यांना नाही. १९७२ लाच उंदराचे गोठवलेले भ्रूण जिवंत परत मिळाले, १९८४ ला ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणातून पहिलं बाळ जन्मलं, आणि १९८५ ला बर्फ होऊच न देता सरळ काच करायची पद्धत, म्हणजे व्हिट्रिफिकेशन, उंदराच्या भ्रूणांवर यशस्वी झाली.

आता मुख्य वाद. मायनस ८० चे फ्रीझर हे नायट्रोजनचा टँक आणि साधा मायनस २० चा फ्रीझर यांच्या मधलं मशीन. आत दोन कॉम्प्रेसर असतात, पहिल्याने दुसऱ्याच्या गॅसला थंड करायचं आणि दुसऱ्याने चेंबरला, कारण एका कॉम्प्रेसरला एवढी मोठी उडी परवडत नाही. सुरुवातीच्या काळात हे फ्रीझर बरेचसे मायनस ६५, मायनस ७० ला चालायचे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे मशीन सुधारत गेली, कंपन्यांना आपला फ्रीझर दुसऱ्यापेक्षा खाली जातो हे सांगायला आवडायला लागलं, कॅटलॉगमध्ये मायनस ८० आला, मग मायनस ८६ सुद्धा आला. ज्या लॅबने जो फ्रीझर घेतला त्या लॅबच्या एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) तो आकडा गेला, पेपरच्या मेथड सेक्शनमध्ये गेला, तिथून दुसऱ्यांच्या एसओपीत गेला. मायनस ७० आणि मायनस ८० ची समोरासमोर तुलना करून मायनस ८० जिंकला असं कुठे झालेलं नाही. या दोघांच्या मध्ये पाण्याची कुठली रेषा नाही, काचेची रेषा तर दोघांच्याही कितीतरी खाली आहे, त्यामुळे जिवंत पेशी जास्त दिवस ठेवायला दोन्ही अपुरे आणि डीएनए, बहुतेक प्रोटीन, सीरम, बॅक्टेरियाचे ग्लिसरॉल स्टॉक यांना दोन्ही पुरेसे.

सेटिंग १० डिग्रीने वर घेतलं तर वीज साधारण पाव ते एक तृतीयांश वाचते. मोठ्या इमारतीत असे शेकडो फ्रीझर असतात आणि प्रत्येक जण जी उष्णता खोलीत सोडतो ती काढायला एसी वेगळा. कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो, मशीन जास्त टिकतं. मला स्वतःला ही बाजू पटते, आणि नवीन फ्रीझर तरी मायनस ७० ला सुरू करायला काय हरकत आहे हे मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही.

पण विरोध करणारे उगाच करतात असंही नाही. त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा वीज जाण्याचा आहे. लाइट गेली किंवा कॉम्प्रेसर बसला तर मायनस ८० वरून सुरू केलेल्या फ्रीझरला धोक्याच्या पातळीपर्यंत यायला थोडा जास्त वेळ लागतो, रात्री अलार्म वाजून माणूस पोचेपर्यंत तेवढा वेळ कामाचा. दुसरा मुद्दा असा की डिस्प्लेवर दिसतो तो एकाच जागी बसवलेल्या सेन्सरचा आकडा, वरच्या शेल्फवर आणि दाराजवळ चार-आठ डिग्रीचा फरक सहज असतो, मग मायनस ७० लावलेल्या फ्रीझरमध्ये दाराजवळचं सॅम्पल प्रत्यक्षात मायनस ६२ ला असू शकतं. आणि तिसरा, दहा-वीस वर्षं चालणाऱ्या स्टडीमध्ये मधेच तापमान बदललं तर जुनी आणि नवी सॅम्पल एका मापाने मोजता येतील का हा प्रश्न उरतो, तो मला सगळ्यात अवघड वाटतो. पहिल्या दोन्हींवर उपाय आहेत: रिकामा फ्रीझर भरलेल्यापेक्षा लवकर तापतो म्हणून रिकाम्या जागा भरून ठेवायच्या, दाराच्या सीलवरचं फ्रॉस्ट वेळच्या वेळी काढायचं, रॅकचा नकाशा दारावर लावायचा म्हणजे एक बॉक्स शोधायला दार पाच मिनिटं उघडं राहत नाही. या गोष्टी न करता नुसतं सेटिंग १० डिग्री खाली ठेवणं म्हणजे निष्काळजीपणाची भरपाई विजेने करणं, आणि खेदाने सांगावं लागतं की बऱ्याच ठिकाणी तेच चालतं.

गंमत बघा, २०२० च्या डिसेंबरमध्ये कोविडच्या पहिल्या एमआरएनए लसीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या कागदावर मायनस ८० ते मायनस ६० अशी रेंज होती, आणि फ्रीझरवाल्या लॅबच्या बाहेरच्या जगाने मायनस ७० हा आकडा पहिल्यांदा ऐकला. खोक्यात ड्राय आइस, वरून तापमान आणि जागा कळवणारा सेन्सर, खोका दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ३ मिनिटांच्या आत उघडायचा, ५ दिवसांनी बर्फ बदलायचा. मग २०२१ च्या फेब्रुवारीत मायनस २५ ते मायनस १५ ला दोन आठवडे चालेल असं ठरलं, मे मध्ये डिफ्रॉस्ट केल्यावर साध्या फ्रिजमध्ये महिनाभर चालेल असं ठरलं. लस तीच होती. आधी जेवढ्या तापमानाचा डेटा हातात होता तेवढंच लिहिलं, पुढे डेटा वाढला तसा आकडा सैल झाला. असंच व्हायला हवं.

लसींच्या बाबतीत उलटी चूकसुद्धा बरीच वर्षं झाली. १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झालं तेव्हा सगळा भर उष्णतेपासून वाचवण्यावर होता, म्हणून लोक बर्फ ठासून भरायचे, आणि ॲल्युमिनियमचे क्षार घातलेल्या लसी त्यात गोठून खराब व्हायच्या. १९९६ पासून बाटलीवर रंग बदलणारं लेबल आलं, पण तेही फक्त उष्णता दाखवतं, लस गोठून गेली का ते नाही. गोठल्याचा संशय आला तर बाटली हलवून खाली गाळ किती लवकर बसतो ते बघायची शेक टेस्ट आजही करावी लागते.

ट्रान्सपोर्टमध्ये नायट्रोजनचा प्रश्न वेगळाच होता, उघडा द्रव विमानात घालता येत नाही. त्यावर ड्राय शिपर हा उपाय निघाला. कंटेनरच्या भिंतीत सच्छिद्र पदार्थ असतो, तो नायट्रोजन पिऊन घेतो, जादाचा ओतून टाकायचा, आत फक्त थंड वाफ राहते, आणि मोकळा द्रव नाही म्हणून डेंजरस गुड्सचे (धोकादायक मालाच्या वाहतुकीचे) नियम लागत नाहीत. ड्राय आइसला मात्र लागतात, त्याचं वजन किलोत खोक्यावर लिहावं लागतं आणि खोका हवाबंद ठेवायचा नाही, नाहीतर गॅस साठून फुटतो. ड्राय शिपर भरून झाल्यावर त्याचं वजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं, फार घटलं असेल तर व्हॅक्यूम गेलाय, तो पाठवायचा नाही. वर बाण काढलेला असतो तरी गोदामात कोणीतरी आडवा टाकतंच, आणि मग दहा दिवस टिकणारी थंडी त्याच्या निम्म्यातही संपू शकते.

साठवणीतही वाफच वरचढ ठरली, त्याला एक दुखरं कारण आहे. १९९५ ला लंडनमधून रिपोर्ट आला की एका टँकमध्ये एकत्र ठेवलेल्या बोन मॅरो वगैरेतून काही पेशंटना हिपॅटायटिस बी झाला, एक बॅग गळकी होती आणि व्हायरस द्रव नायट्रोजनमधून दुसऱ्यांपर्यंत गेला. त्यानंतर रुग्णांसाठीचं मटेरियल द्रवात बुडवण्याऐवजी वाफेत ठेवायचा कल वाढला. सील सैल असलेल्या व्हायलमध्ये (सॅम्पलच्या छोट्या बाटलीत) द्रव शिरून ती बाहेर काढल्यावर फुटायची, तेही कमी झालं.

अवयवांच्या बाबतीत आकडा होता ४ डिग्री, कारण बर्फाची पेटी तेवढीच असते. २०२१ मध्ये कॅनडातल्या एका टीमने दाखवलं की फुप्फुस १० डिग्रीला ठेवलं तर जास्त वेळ चांगलं राहतं. १० डिग्री बरं पडतं याचे संकेत प्राण्यांवरच्या प्रयोगांत कित्येक वर्षं आधी मिळाले होते, पण बर्फ सोपा होता म्हणून बर्फच चालू राहिला.

२०१७ पासून कॅन्सरसाठी पेशंटच्याच बदललेल्या पेशी देणाऱ्या थेरपी बाजारात आल्या आणि त्यांच्या लेबलवर एकाच्या मायनस १२० च्या खाली, दुसऱ्याच्या मायनस १५० च्या खाली असं लिहिलेलं आहे. तिथे बॅग गेली तर दुसरी नसते, म्हणून पेटीचा पूर्ण टेंपरेचर लॉग बघितल्याशिवाय बॅग घ्यायची नाही असा शिरस्ता पडला. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगळ्या शहरांतल्या फर्टिलिटी क्लिनिकचे टँक एकाच वीकेंडला फेल झाले, हजारो बीजांडं आणि भ्रूण धोक्यात आले, एका ठिकाणी तर रिमोट अलार्मच बंद होता. तेव्हापासून टँकवर तापमान आणि पातळी या दोन्हींचे वेगवेगळे अलार्म हवेत ही मागणी जोर धरून आहे.

२०२३ ला उंदराच्या जातीतल्या रॅटची किडनी काच करून १०० दिवसांपर्यंत ठेवली, लोहाचे नॅनोपार्टिकल घालून मॅग्नेटिक फील्डने आतून एकसारखी गरम केली आणि परत बसवली तर ती चालली. अवयव थंड करायला जमतं, तडा न जाता आणि मधे बर्फ होऊ न देता गरम करायला जमत नव्हतं. माणसाची किडनी आकाराने कितीतरी मोठी असते, तेवढ्या मोठ्या अवयवात तेच करून बघायचं काम आता चालू आहे.