कापसाच्या पाकिटातली छोटी पुडी

जून उजाडला की यवतमाळ, अकोला, वर्ध्याकडे 'चोर बीटी' पकडल्याच्या बातम्या सुरू होतात. चोर बीटी म्हणजे तणनाशकाला दाद न देणारा एचटीबीटी कापूस. त्याच्या लागवडीला मान्यता नाही, तरी तो सर्रास पेरला जातो. नवल काही नाही. देशातला पहिला जीएम, म्हणजे जनुक बदललेला, कापूसही असाच मागच्या दाराने आला होता.

नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळी फवारणीला जुमानेनाशी झाली. जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोशी हातमिळवणी करून मातीतल्या 'बीटी' या जिवाणूचं जनुक आपल्या संकरित वाणांत आणलं. असं बोंड कुरतडलं की अळी मरते. १९९८ मध्ये चाचण्या सुरू झाल्या तेव्हा कर्नाटकात रयत संघ या शेतकरी संघटनेने चाचणीचे प्लॉट जाळले. दिल्लीत फायली फिरत असतानाच २००१ च्या ऑक्टोबरात गुजरातेत हजारो एकरांवर 'नवभारत १५१' उभं असल्याचं उघड झालं. त्या वर्षी अळीने कापूस फस्त केला होता, हे वाण तेवढं तगलं. तपासलं तर त्यात बीटीचं जनुक! जीएम पिकांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या समितीने पीक उपटून जाळायला सांगितलं. शेतकरी आडवे आले, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्यांची बाजू घेतली. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन वाणांना अधिकृत मान्यता मिळाली.

पुढचा वाद 'जनुक विषारी की तारक' या एकाच मुद्द्यावर रंगला. माझ्या मते खरा घोळ बियाण्याच्या पाकिटात होता. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साध्या कापसाची पुडी यायची. ती कडेच्या ओळींत लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळतील आणि अळी बीटीला सरावणार नाही. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही. पाच एकरवाल्याने अळीला खायला घालण्यासाठी जमीन कशाला अडकवावी? बहुतेकांनी पुडी फेकूनच दिली.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे बीटी आला तो संकरित वाणांतून. त्याचं बी राखून ठेवता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. त्याच्या बोंडातल्या काही सरक्यांत ते जनुक नसतंच, म्हणजे अळीला विषाची अर्धवट चव लागते. शिवाय फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक आणखी बोंडांसाठी राखलं, की शेत फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं. गुलाबी बोंडअळी जवळपास कापसावरच जगते. तिला आणखी काय हवं? आधीच्या एका जनुकाच्या बीटीचं, म्हणजे बोलगार्डचं, दोन जनुकांचं रूप बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये आलं. पहिल्या बोलगार्डला गुलाबी अळी पचवू लागल्याचं २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच गुजरातेबाबत कबूल केलं. २०१७ पर्यंत दुसरंही निष्प्रभ झालं आणि विदर्भातली बोंडं आतून किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. अमेरिकेने मात्र बीटी कापूस, वांझ पतंग सोडणं आणि इतर उपाय मिळून २०१८ मध्ये गुलाबी अळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

खाण्याच्या पिकांचं घोडं तर अडलेलंच आहे. बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दिला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. बांगलादेशात तेच बीटी वांगं २०१४ पासून पिकतंय. दिल्ली विद्यापीठाच्या जीएम मोहरीच्या मान्यतेवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. राष्ट्रीय धोरण ठरवा, एवढ्यावर एकमत झालं.

एचटीबीटीची रीतसर मान्यता मागणारा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. पण निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, त्यामुळे मागणी राहिलीच. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तो उघड पेरला. पर्यावरण कायद्यात तेव्हा अशा लागवडीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. पेरणाऱ्या काहींवर गुन्हे दाखल झाले. बाकीचे आजही गुपचूप घेतात. या बियाण्याला पक्कं बिल नसतं, त्यामुळे ते उगवलंच नाही तर कृषी खात्याकडे तक्रारही करता येत नाही.